ट्रेलर, नळ आणि रात्री वाढणारं प्रेशर

कॅलगरीत आम्ही सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, तेव्हा ब्रेक पाहिले, टायर पाहिले, छत कुठे झिरपतंय का तेही शिडी लावून पाहिलं. नळाला जोडायचा पांढरा पाइप आणि पितळेचा छोटा प्रेशर रेग्युलेटर आधीच्या मालकाने सोबतच दिला होता. पुढच्या उन्हाळ्यात तो रेग्युलेटर निकामी निघाला आणि ट्रेलरची स्वयंपाकघराकडची जमीन उचकटावी लागली. आमच्या ओळखीतली काही मराठी कुटुंबं सध्या ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

कॅनडा डेची सुट्टी जोडून आम्ही ब्रिटिश कोलंबियात ओकानागन तलावाकाठी गेलो होतो. सासूबाई लातूरहून आल्या होत्या. कॅम्पग्राउंड खाजगी होतं. तलाव खाली, मधे चेरीच्या बागा आणि पाण्याची टाकी वर डोंगरावर. प्रत्येक जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय होती. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याने आधी नळ थोडा वेळ मोकळा सोडला, गाळ जाऊ दिला. मग नळाला रेग्युलेटर, त्याला पाइप आणि पाइपाचं दुसरं टोक ट्रेलरला. मी आतले नळ उघडे ठेवले आणि त्याने बाहेरचा नळ हळूहळू सोडला, म्हणजे आतली हवा निघून जाते. सिंकखाली टॉर्च मारून पाहिलं. सगळे जोड कोरडे होते. शॉवरला पाणी जरा बारीकच येत होतं. सुट्टीची गर्दी होती, आजूबाजूला सगळे आंघोळी आणि भांडी करत होते, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

मध्यरात्रीनंतर कधीतरी सासूबाईंनी मला हलवलं. त्या जेवणाच्या टेबलाची घडी मोडून केलेल्या पलंगावर, ओट्याच्या अगदी जवळ झोपल्या होत्या. “अगं ऊठ, पाणी कुठंतरी वाहायलंय बघ,” म्हणाल्या. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. पण लातूरच्या माणसाला वाहत्या पाण्याचा आवाज झोपेतही कळतो. 2016 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत घागर घागर मोजून घर चालवलेलं त्यांनी. मी पाय खाली टाकला तर जमीन ओली.

नवरा दिव्याचं बटण दाबायला निघाला होता, त्याला मी थांबवलं. ट्रेलरमधली विजेची पेटी बऱ्याचदा खाली, जमिनीलगत असते. आमची सिंकपासून हातभर अंतरावर आहे. तो कोरड्या चपला घालून बाहेर गेला, खांबावरचा ब्रेकर पाडला आणि मग पाण्याचा नळ बंद केला. हाच क्रम ठेवावा, आधी वीज आणि मग पाणी.

टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर सिंकखाली गरम पाण्याच्या लाइनवरचा प्लॅस्टिकचा एल्बो आट्यांपाशी चिरला होता. त्यातून बारीक, जोरकस फवारा मागच्या फळीवर बसत होता आणि पाणी जमिनीच्या व्हिनाइलखाली पसरत पलंगापर्यंत गेलं होतं. आम्ही होते नव्हते ते टॉवेल टाकले, चादरी टाकल्या. ते पुरेनात तेव्हा सासूबाईंनी बॅगेतून दोन सुती साड्या काढून दिल्या. त्यातल्या एकीवर गंजाचे डाग पडले, ते गेलेच नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं.

भल्या पहाटे शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा आले. सस्कॅचेवानचे, आयुष्यभर पाइपफिटिंग केलेले. त्यांच्याकडे नळाला लावायचं पाण्याचं गेज होतं. आधी त्यांनी ते थेट नळावर लावलं. काटा पंचाण्णव पीएसआयच्या आसपास गेला. मग आमचा रेग्युलेटर मधे लावून त्याच्या पुढे गेज बसवलं. काटा पन्नासवर आला आणि मला वाटलं, रेग्युलेटर तर चांगला आहे. “थांबा,” ते म्हणाले. पाच-सात मिनिटांत काटा साठ, सत्तर करत हळूहळू नळाच्या मूळ प्रेशरपर्यंत चढला.

त्यांनी समजावलं ते असं. रेग्युलेटरच्या आत एक स्प्रिंग, एक पडदा आणि पाणी अडवणारी एक बैठक असते. ठरलेलं प्रेशर झालं की बैठक बंद होते. तिथे रेतीचा कण किंवा क्षार अडकला, किंवा आत राहिलेलं पाणी गोठून पडदा फाटला, तर ती पूर्ण मिटत नाही. पाणी वाहत असताना हे कळतच नाही. नळ बंद झाले की पाणी आत झिरपत राहतं आणि प्रेशर चढत जातं. आमचा रेग्युलेटर आधीच्या मालकाकडे हिवाळाभर ट्रेलरच्या बाहेरच्या कप्प्यात पडून असे. उघडला तेव्हा बैठकीवर पांढरा क्षार होता आणि पडद्याच्या कडेला चीर.

दिवसा आणि रात्री एवढा फरक का, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा थेट नळावर गेज लावलं, तर काटा पंचावन्नच्या आसपास. सगळीकडचे नळ चालू असतात तेव्हा वाहत्या पाण्याचं प्रेशर वाटेतल्या पाइपांत खर्च होतं. रात्री सगळे झोपले की पाणी थांबतं आणि टाकीच्या उंचीचं पूर्ण प्रेशर प्रत्येक नळावर येऊन बसतं. दर दहा मीटर उंचीला साधारण चौदा पीएसआय. पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत गच्चीवरची टाकी तळमजल्यापासून बारा मीटर वर असेल, म्हणजे खालच्या नळाला सतरा. एवढ्यात आम्ही वाढलो, आणि प्रेशर जास्त असणं म्हणजे नशीबच असं समजत आलो. इथे टाकी साठ-पासष्ट मीटर वर असली की नव्वदच्या आसपास जातं.

कॅनडाच्या राष्ट्रीय प्लंबिंग कोडनुसार इमारतीतल्या नळावर स्थिर प्रेशर 550 किलोपास्कलच्या, म्हणजे साधारण 80 पीएसआयच्या वर जाऊ शकत असेल, तर ते कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. ट्रेलरची प्लंबिंग त्याहून नाजूक असते. आमच्या ट्रेलरच्या पुस्तिकेत कमाल 60 लिहिलंय. आतला पेक्स पाइप स्वतः शंभरसुद्धा सोसतो. फुटतो तो जोड. हायवेवर तासन्‌तास हादरे बसून जोड आधीच सैल झालेले असतात.

पुढचे दिवस आम्ही बाहेरचा नळ जोडलाच नाही. ट्रेलरच्या टाकीत पाणी भरायचं आणि बारा व्होल्टच्या पंपावर चालवायचं. पंप स्वतःच्या ठरलेल्या प्रेशरला बंद होतो, आणि गळती झालीच तरी टाकीत असेल तेवढंच पाणी जातं. कॅम्पग्राउंडवाल्यांनी दोन मोठे पंखे दिले. पण व्हिनाइलखालची प्लायवूड फुगली होती. घरी आल्यावर ती कापून काढली, खाली बुरशी धरायला लागली होती. वरून जमीन कोरडी दिसते म्हणून सोडून देऊ नये. कोपऱ्यातून व्हिनाइल उचलून पाहावंच.

आता आमच्याकडे प्रेशर कमी-जास्त करता येणारा, गेज असलेला रेग्युलेटर आहे. स्वस्त, बारीक रेग्युलेटरमधून पाण्याची धारच कमी होते आणि मग शॉवर नीट येत नाही म्हणून लोक तो काढून ठेवतात. मोठ्या रेग्युलेटरमध्ये प्रेशर पन्नासच्या आत ठेवूनही पाणी भरपूर येतं, म्हणून तो काढायचा मोह होत नाही. माझ्या मते या सगळ्यात पैसे खर्च करण्यासारखी ही एकच वस्तू आहे. रेग्युलेटर ट्रेलरच्या टोकाला न लावता थेट नळाला लावायचा, म्हणजे पाइप आणि त्यानंतरचा फिल्टरही वाचतो. गेज वाचायचं ते आतले सगळे नळ बंद करून. पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचायचं. काटा चढला असेल तर रेग्युलेटर बाद. झोपताना आणि फिरायला जाताना बाहेरचा नळ बंद करून आतला एक नळ क्षणभर उघडायचा, की अडकलेलं प्रेशर उतरतं. रात्री हात धुवायला पंप आहेच.

गीझरबद्दलही एक सांगायला हवं, कारण नंतर आम्ही त्याने घाबरलो होतो. पाणी तापलं की फुगतं. ट्रेलरच्या तोंडाशी पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असल्याने त्या फुगलेल्या पाण्याला जायला जागा नसते. मग गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो. तो 150 पीएसआय किंवा 99 अंश सेल्सिअसला उघडतो. बरेचदा कारण एवढंच असतं की गीझरच्या वरच्या भागातली हवा संपलेली असते. गीझर बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्यायचं, बाहेरचा नळ आणि पंप बंद करायचा, आतला गरम पाण्याचा नळ उघडायचा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत धरायची. हवा परत भरते. गळतं म्हणून त्या व्हॉल्व्हला बूच मात्र कधीही मारू नका. त्याला बूच मारलेला गीझर फुटू शकतो.

नळाच्या प्रेशरचा हा प्रश्न सगळीकडे येत नाही. बॅन्फच्या टनेल माउंटन ट्रेलर कोर्टमध्ये जागेवरच पाणी मिळतं, पण कित्येक प्रांतीय उद्यानांत तुमच्या जागेवर फक्त वीज असते आणि पाणी येताना टाकीत भरून आणायचं असतं. पहिल्यांदाच ट्रेलर घेऊन निघणाऱ्यांना मी अशीच जागा सुचवते.

थँक्सगिव्हिंगच्या आसपास ट्रेलर बंद करताना आम्ही लाइनमधलं पाणी काढतो, गुलाबी अँटिफ्रीझ भरतो, आणि रेग्युलेटर, फिल्टर, पाइप झटकून, निथळवून घरात आणतो. कॅलगरीत उणे तीस होतं तेव्हा रेग्युलेटरमध्ये राहिलेलं चमचाभर पाणीही पडदा फाडायला पुरतं. मे महिन्यात पहिल्या सहलीआधी तो घराच्या बाहेरच्या नळाला लावून पाहतो. पुढच्या टोकाला बंद पाइप, आणि गेजकडे पाहत पंधरा मिनिटं.