शेवटची सायकल

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक सायकल कायम सगळ्यात मागे असते. तिच्यावर बसणारे काका आमच्यातले सगळ्यात दमदार. सिंहगडाचा चढ ते मनात आणलं तर पोरांच्या आधी संपवतील. पण त्या सायकलवर बसले की ते कुणाच्याही पुढे जात नाहीत. मागून टोळीवर नजर ठेवत येणाऱ्याला सायकलवाले ‘स्वीप’ म्हणतात, आणि आता ते नाव माणसापेक्षा सायकललाच जास्त चिकटलंय. ‘स्वीप आली का?’ असं विचारलं की ते सायकलबद्दलच विचारलेलं असतं.

दिसायला ती साधी. स्टीलची फ्रेम, मूळ रंग निळा. कंपनीचं नाव घासून घासून गेलेलं. पुढे शॉक आहे, मागे नाही, म्हणजे हार्डटेल. चाकं २६ इंची. पुढे तीन गिअर, मागे नऊ. हल्लीच्या माउंटन बाइकला पुढे सहसा एकच चकती असते आणि चाकं २९ इंची, त्यामुळे दुकानात नवीन सायकल बघायला आलेला माणूस हिच्याकडे दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. फ्रेमच्या त्रिकोणात एक पिशवी, सीटखाली दुसरी, मागच्या कॅरिअरवर रबरी पट्ट्यांनी आवळलेली तिसरी. सामान धरून वजन वीस किलोच्या वर जातं. खडकाळ उतारावर उचलून न्यायची वेळ आली की काका तिला खांद्यावर घेतात, तेव्हा ते वजन त्यांच्या मानेच्या शिरांवर दिसतं.

तिचं घराणं मात्र मोठं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या, २६ इंची चाकांच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्यांनी खाली सोडायची. त्या सायकली मोडायच्या, मग दुरुस्त व्हायच्या, आणि त्यातूनच १९७७मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी म्हणून फ्रेम बांधली. ही निळी त्याच वंशातली. माउंटन बाइकचा जन्मच चार जणांनी मिळून डोंगरावर जाण्यातून आणि वाटेत मोडलेलं तिथल्या तिथे जोडण्यातून झाला, आणि ही सायकल ते अजून विसरलेली नाही असं मला तिच्याकडे बघून वाटतं.

गेल्या डिसेंबरात पाबे घाटाची राइड ठरली. खडकवासला, डोणजे, खानापूर, तिथून पानशेतचा रस्ता सोडून डावीकडे रांजण्यावरून पाबे घाट, पलीकडे पाबे आणि वेल्हे. वेल्ह्याहून मार्गासनी, नसरापूर आणि हायवेने पुणे असं पूर्ण वर्तुळ केलं तर शंभराच्या पुढे किलोमीटर होतात. यायला तयार असलेल्यांत घाट रोजचा नाश्ता असल्यासारखे चढणारे होते, आणि आजवर नदीकाठच्या ट्रॅकपलीकडे सायकल न नेलेले दोघंतिघंही होते. एक ताई मॅरेथॉन पळणाऱ्या, दमाला भारी, पण उतारावर ब्रेकवरची बोटं सुटत नाहीत. एका पोराचं नेमकं उलटं. उतारावर वारा, चढावर दर वळणाला थांबायचं.

अशी राइड बहुतेक ठिकाणी पुढच्यांच्या हिशेबाने आखतात. तगडे लोक म्हणतात, एवढं अंतर आहे, इतक्या वाजता निघू, इतक्याला पोचू. मागच्यांनी ‘जमवायचं’ असतं. आमच्याकडे काका टेबलावर कागद घेऊन बसतात आणि पहिली ओळ निळ्या सायकलीची लिहितात. ती कितीला खानापूर सोडणार, कितीला खिंडीत असणार, कितीला वेल्ह्यात. बाकी सगळं त्या ओळीभोवती बसवायचं.

हा हिशेब तिच्या गिअरमधून निघतो. पुढची सगळ्यात लहान चकती २२ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी ३४ दात्यांची. या जोडीवर पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जेमतेम सव्वा-दीड मीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी पाच किलोमीटरच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीचा वेग. नवा माणूस चढावर याच वेगाने जातो, आणि निळी त्याच्या मागे त्याच वेगाने, न डुगडुगता जाऊ शकते. इतक्या हळू जाणं हे फार अवघड काम आहे. महागड्या सायकलवरच्या पोराला सांगून बघा, दोन वळणांत तो एक पाय जमिनीवर टेकेल. हाच वेग धरून, वर थांबण्याचा वेळ मिळवून, काका कागदावर आकडे मांडतात. अडीच वाजले आणि निळी खिंडीच्या अलीकडे असली तर तिथूनच मागे फिरायचं, हेही आधीच लिहिलेलं असतं. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. डोंगराच्या सावलीत अंधार त्याच्याही आधी येतो.

मग येतो छोटा हत्ती, म्हणजे टेंपो. नव्या लोकांनी पुण्यापासून डांबरी रस्त्यावर ताकद घालवायची नाही, असं ठरलं. त्यांच्या सायकली टेंपोतून खानापूरला आल्या. दमदार मंडळी घरून पहाटे सायकलवरच निघाली. टेंपो पुढे वेल्ह्यात जाऊन थांबला. ज्यांना पुरे झालं ते तिथून टेंपोने परत, ज्यांची हौस उरली ते नसरापूरमार्गे सायकलवर. घाट सगळ्यांना एकच, पण प्रत्येकाला आपापल्या मापाचा. तगड्यांसाठी आणखी एक सोय होती. खिंडीत पोचल्यावर बसून राहायचं नाही, परत खाली उतरायचं, निळी भेटेपर्यंत. भेटली की तिच्याबरोबर वळून पुन्हा चढायचं. त्यांना आणखी चढ मिळाला, आणि मागच्यांना वर जाताना ओळखीचे चेहरे भेटत राहिले.

विश्रांतीचा एक नियम मला या सायकलने शिकवला, आणि मी तो आता कुठल्याही टोळीत हट्टाने सांगतो. पुढचे लोक थांब्यावर पोचतात, चहा घेतात, अर्धा तास टेकतात. मागचा घामाघूम होऊन पोचतो, तेवढ्यात पुढचे उठतात. ‘चला, आले सगळे!’ ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही, आणि दिवसभर हेच घडत राहतं. दुपारी तो कोसळला की सगळे म्हणतात, त्याची तयारी नव्हती. आमच्याकडे विश्रांतीचं घड्याळ निळीचा स्टँड लागल्यावर सुरू होतं. तिथून पूर्ण पंधरा मिनिटं. पुढच्यांची पाऊण तास झाली तरी चालेल.

दुसरा नियम फाट्यांचा. पुढून दुसरा असणाऱ्याने फाट्यावर थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची. सगळे गेले, निळी दिसली, की त्याची सुटका. निळी आल्याशिवाय फाटा सोडायचा नाही, मग फोन येवो नाहीतर भूक लागो. त्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून या साध्या पहाऱ्यावर मी ॲपपेक्षा जास्त भरवसा ठेवतो.

घाट चढताना पोरगा एकदा काकांना म्हणाला, ‘काका, तुम्ही व्हा पुढे. माझ्यामुळे उगाच रेंगाळताय.’

‘माझं पुढे काही काम नाही,’ काका म्हणाले. ‘तू बोलत बोलत चढ. बोलता येईनासं झालं की गिअर उतरव.’

निळी त्याच्या मागे दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवून चालली होती. हे अंतरही ठरलेलं. मागून टायरचा आवाज जवळ आला की नवा माणूस घाबरून जोर लावतो आणि दम घालवतो. फार लांब राहिलं तर त्याला एकटं वाटतं. उताराला हेच उलटं. उतारावर पटाईत असणाऱ्यांना आधी सोडायचं, कारण मागून कुणी धडधडत येतंय या धसक्याने चुका होतात. बाकीच्यांनी मोकळं अंतर ठेवून, बूड सीटच्या मागे नेऊन, दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत यायचं. त्या दिवशी दमाच्या ताई उतारावर शेवटी होत्या, आणि चढावर दर वळणाला थांबणारा पोरगा चौथा. शेवटचा कोण हे दर टप्प्याला बदलतं. निळी मात्र तीच.

खिंड ओलांडली की समोर तोरणा उभा राहतो, डाव्या अंगाला राजगड. तिथे सगळे थांबतातच, कुणाला सांगावं लागत नाही.

घाट उतरून आम्ही डांबरी सोडली आणि भाताच्या खाचरांमधली गाडीवाट धरली. भात कापून झालं होतं, खाचरं मोकळी होती. तरी आधी वाडीत विचारूनच आत शिरलो. बांधावर चाक चढवायचं नाही, दगड हलवायचे नाहीत, कवाड उघडलं तर लावून घ्यायचं, हे खानापूरलाच बजावून झालं होतं. राइड अवघड करायच्या नादात ज्याच्या शेतातून जातो त्याला त्रास दिला तर पुढच्या वर्षी ती वाट बंद होते, आणि व्हायलाच हवी.

एका ओढ्याच्या दगडांत पोराची सायकल उजव्या अंगावर पडली. उजवी बाजू म्हणजे मागच्या गिअरची बाजू. तिथे फ्रेमला एक छोटासा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, हँगर. तो मुद्दामच मऊ धातूचा करतात, म्हणजे मार बसला तर तो तुटावा, फ्रेम वाचावी. तो तुटला. गिअरचा सांगाडा चेनला लोंबकळायला लागला. हँगर सायकलच्या मॉडेलप्रमाणे वेगवेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याचा सहसा चालत नाही.

काकांनी निळीच्या मधल्या पिशवीची चेन ओढली. आतून एक जुना टॉवेल निघाला, तो गवतावर पसरला. त्यावर हत्यारं ओळीने मांडली, म्हणजे गवतात काही हरवत नाही. चेन तोडायचं अवजार चेनच्या एका पिनवर बसवलं, हँडल सावकाश फिरवलं, पिन निघाली. गिअरचा सांगाडा सोडवून पोराच्या सॅकमध्ये गेला. मग पुढच्या मधल्या चकतीवरून मागच्या मधल्या चकतीवर चेन सरळ रेषेत धरून बघितली, जास्तीच्या कड्या मोजल्या, तोडल्या, आणि जोडकडीने दोन्ही टोकं जोडली. जोडकडी हाताने नीट बसत नाही. ती वरच्या बाजूला आणून, मागचा ब्रेक धरून, पायडलवर झटक्यात वजन टाकलं की खट् करून बसते. तो आवाज आला. सायकल एका गिअरची झाली, पण चालती झाली. चढाला उतरून ढकलत का होईना, पोरगा वेल्ह्यापर्यंत आपल्या सायकलीनेच आला.

त्या पिशव्यांमध्ये काय आहे हे बघितलं की ग्रुपमधल्या प्रत्येक सायकलचा विचार केलेला दिसतो. अशा सायकलींना व्हॉल्व्ह बहुधा दोन तऱ्हेचे असतात, एक मोटारसायकलसारखा जाड, एक बारीक. जाड व्हॉल्व्हची ट्यूब बारीक भोकाच्या रिममध्ये जात नाही, पण बारीक व्हॉल्व्हची जाड भोकात जाते. म्हणून निळी बारीक व्हॉल्व्हच्याच ट्यूब बाळगते. तिच्या २६ इंची ट्यूब अडीनडीला ताणून २९ इंची चाकातही बसतात, घरी पोचण्यापुरत्या. सोबत एक पितळी बोंडी असते, म्हणजे बारीक व्हॉल्व्हमध्ये पेट्रोल पंपावरची हवाही भरता येते. बाभळीच्या काट्यासाठी चिमटा आहे. टायर फाटलाच तर आतून लावायला जुन्या टायरचा कापलेला तुकडा आहे. गूळ-शेंगदाणे आहेत, मिठाची पुडी आहे, बँडेज आहे. यातलं काकांच्या स्वतःच्या उपयोगाचं फार थोडं.

मला मनापासून वाटतं की अवघड राइडला सगळ्यात चांगला सायकलस्वार मागे हवा. बऱ्याच ठिकाणी सगळ्यात हळू येणाऱ्याच्या एखाद्या मित्राला ‘तू थांब रे त्याच्याबरोबर’ सांगून मोकळे होतात. तो मित्र स्वतःच दमलेला असतो, त्याच्याकडे पंप नसतो, आणि मनातून तो पुढच्यांवर चिडलेला असतो. मागे थांबायला पाय उरलेले हवेत, हातात कसब हवं आणि घाई अजिबात नको. या तिन्ही गोष्टी असणारा माणूस साहजिकच पुढे जाऊ शकतो, आणि म्हणूनच त्याने मागे राहण्याला किंमत आहे.

वेल्ह्यात त्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला निळीचा स्टँड लागला. कागदावरच्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा, पण काकांनी तासाभराची सवड ठेवली होती. टेंपोत नव्यांच्या सायकली चढल्या, त्यांतच एका गिअरचीही. ताईंनी टेंपो नाकारला आणि नसरापूरची वाट धरली. दमाचा प्रश्न त्यांचा नव्हताच, आणि तो रस्ता त्यांच्या मापाचा होता.

काकांना उन्हाळ्यात दोन महिने मुलीकडे जायचंय. निळी कुणाच्या हाती द्यायची यावर बोलणं निघालं, तेव्हा ज्याचा हँगर तुटला होता तोच पोरगा पुढे झाला. काकांनी त्याला होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आधी दोन रविवार त्याला स्वतःबरोबर मागे चालवलं, चढावर टेकू दिलं नाही, एकदा भर उन्हात तिन्ही पिशव्या रिकाम्या करून पुन्हा भरायला लावल्या. आता तो चढावर थांबत नाही, कारण निळीच्या छोट्या गिअरवर थांबायची गरजच पडत नाही. सीट दोन इंच वर घे, बाकी कशाला हात लावू नकोस, एवढंच त्याला सांगितलंय.