कुरोसावाचं 'रान' आणि आमचं वावर

२०१६च्या जानेवारीत 'नटसम्राट' चित्रपट लागला तेव्हा अब्बांना घेऊन अमरावतीत बघायला गेलो होतो. नाना पाटेकरांचे अप्पा बेलवलकर लेकीच्या घरातून बाहेर पडले आणि शेजारच्या खुर्चीत अब्बा हुंदके देऊ लागले. परत येताना ऑटोत एवढंच म्हणाले, "जीते-जी किसी को कुछ मत देना." मला ते लागलं. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी दर्यापूरकडचं वावर आम्हा दोघा भावांच्या नावावर करून दिलं होतं.

बेलवलकरांचं मूळ शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण एक योगायोग मला फार उशिरा दिसला. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' लिहून मॅकबेथ मराठीत आणला आणि १९७० साली 'नटसम्राट'मधून लिअरकडे वळले. जपानचा दिग्दर्शक अकिरा कुरोसावा हाच रस्ता चालला. १९५७ साली 'थ्रोन ऑफ ब्लड' हा त्याचा मॅकबेथ, १९८५ साली 'रान' हा लिअर. मध्ये १९६० साली एका कंपनीतल्या भ्रष्टाचारावरचा चित्रपट आहे, त्यात हॅम्लेटची सावली आहे. पण त्याचा इथे संबंध नाही.

'थ्रोन ऑफ ब्लड' मी कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या पडद्यावर पाहिला होता. त्यातलं धुकं अजून आठवतं. तीन चेटकिणींऐवजी जंगलात चरखा फिरवत बसलेली एकच म्हातारी. मॅकबेथची बायको इथे असाजी आहे. चेहरा नो नाटकातल्या मुखवट्यासारखा थिजलेला, आणि ती चालते तेव्हा फक्त कपड्यांची सळसळ ऐकू येते. नवरा धन्याचा खून करायला जातो, आपण मात्र तिच्याजवळच थांबतो. शेवटी त्याचेच सैनिक त्याला बाणांनी खिळवून टाकतात. ते बाण खरे होते, तिरंदाजांनी तोशिरो मिफुनेच्या आजूबाजूला खरोखर मारलेले. त्याच्या डोळ्यांतली भीती पाहताना हे कळतंच.

'रान' मात्र पाहिला अकोल्यात, फुफीच्या घरी. बडनेऱ्याहून गाडी पकडून तिला भेटायला गेलो होतो. तिचा नातू पेन ड्राइव्हवर सिनेमा घेऊन आला. 'रान' नाव ऐकून फुफीला वाटलं, शेतीचा सिनेमा आहे. जपानीत त्याचा अर्थ बंडाळी, अनागोंदी. पण फुफी अगदीच चुकली होती असं मी म्हणणार नाही.

म्हातारा सरदार हिदेतोरा तीन मुलांना राज्य वाटून देतो. एक बाण मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत, असं समजावतो. धाकटा तिन्ही बाण गुडघ्यावर ठेवून मोडून दाखवतो आणि हाकलला जातो. इथपर्यंत लिअरच, मुलींच्या जागी मुलगे, एवढाच फरक. पण शेक्सपिअर लिअरला भूतकाळ देत नाही, हे कुरोसावाला खटकत होतं. एवढं राज्य म्हाताऱ्याकडे आलं कुठून? म्हणून त्याने हिदेतोराला भूतकाळ दिला: जाळलेले किल्ले, मारलेली घराणी. वादळी रात्री वेडा झालेला हिदेतोरा एका झोपडीत आसरा घेतो. आत एक आंधळा तरुण असतो. त्याचे डोळे हिदेतोरानेच काढवलेले. घरात द्यायला काही नाही म्हणून तो पाहुणचारादाखल बासरी वाजवतो. तो प्रसंग मला दुसऱ्यांदा पाहवला नाही.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की मला असं वाटतं: मॅकबेथमध्ये गुन्हा आपल्यासमोर घडतो, 'रान'मध्ये तो कधीचाच होऊन गेलेला आहे आणि उरलाय फक्त हिशेब. हिदेतोरा म्हणजे म्हातारपणापर्यंत जगलेला मॅकबेथ. शिरवाडकरांचे मॅकबेथ आणि लिअर एकमेकांना भेटत नाहीत. बेलवलकरांची कमाई रंगभूमीवरच्या घामाची, स्वच्छ. म्हणून त्यांच्यासाठी पोटभर रडता येतं. हे 'नटसम्राट'चं उणं नव्हे, ते कलावंताच्या म्हातारपणाचं नाटक आहे. पण अब्बा जे रडले ते बेलवलकर होऊन रडले, आणि मला आता तिथे शंका येते.

'रान'मध्ये थोरली सून आहे, काएदे. तिच्या बापाचा किल्ला हिदेतोराने घेतला, बाप-भाऊ मारले, आणि त्याच किल्ल्यात ती सून म्हणून वावरते. घराण्याचा नाश करूनच थांबते. फुफीला जपानी कळेना, खालची इंग्रजी अक्षरंही कळेनात. तिने विचारलं, "ये औरत इत्ता गुस्सा काय कू करती?" मी सांगितलं, हे घर तिच्या बापाचं होतं. फुफी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रहने कू तो मिला उसको, बाप के घर में."

दादांचं वावर वीस एकर. दोन मुलगे, एक मुलगी; दादी आधीच गेलेल्या. शरीयतच्या हिशेबाने पाच हिस्से: भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. म्हणजे चार एकर फुफीचे. तिने हक्कसोड लिहून दिलं होतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, जसं विहिरीचं पाणी खारं आहे हे माहीत होतं. खारपाणपट्ट्यात त्याबद्दल कोणी बोलत नाही.

घरी आल्यावर अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "उसने खुद दिया." मग नमाजला उठून गेले. २०१९ साली त्यांचा इंतकाल झाला. जाण्याआधीच्या महिन्यात दोनदा म्हणाले, अकोल्याला जायचं आहे. तब्येत अशी नव्हती की नेता येईल. का जायचंय, हे मी विचारलं नाही.

आता सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. चार एकर फुफीला द्यायचे ठरवले तर दोघांच्याही वाट्यातून जाणार. मी भावाशी बोललो. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, कागद पक्का आहे, सही तिचीच आहे, आणि तिने कधी मागितलं का? मग स्वतःच थांबला. सहीच्या दिवशी तिला साडी-चोळी केली होती, हे त्यालाही आठवत होतं. हिरवी साडी होती. पुढे कितीतरी ईदला फुफी तीच नेसून यायची.

रविवारी आम्ही दोघं अकोल्याला जातोय. सातबाऱ्याचा उतारा मी पिशवीत ठेवला आहे. भावाने तो पाहिला आहे.