पिंपळ, दर्गा आणि वळणावरचा दगड

चंद्रपूरला पाहुणे आले की त्यांना एकच हवं असतं, ते म्हणजे वाघ. ताडोब्याच्या गाडीत जागा मिळाली का, वाघ दिसेल ना, हेच पहिले प्रश्न. गावात काय पाहायचं, असं कुणी विचारतच नाही. तुमच्याही गावाचं असंच होत असेल, नाही का? म्हणून मी आता एक नियमच केला आहे. माझ्या घरी उतरणाऱ्याला वाघाच्या आधी एक दिवस गाव पाहावंच लागतं. जवसाची चटणी, भाकरी आणि सांबारवड्यांचा डबा माझा, पाय त्यांचे!

२०२४ च्या ऑक्टोबरात माझ्या नणंदबाई न्यू जर्सीहून आल्या होत्या. आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्या आल्या त्याच दिवशी रात्री माझ्या माहेरून, अहेरीकडून, वहिनीचा फोन आला. "तुम्ही शिकलेल्या आहात, शाळेत शिकवता. आता तुम्हीच सांगा, काय करावं?" असं म्हणून ती रडायलाच लागली.

गोष्ट अशी होती. माहेरच्या रस्त्यावर एक छोटं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहायची आहेत. त्या गावाच्या वळणावर पावसाळ्यात चौथीतली एक मुलगी ट्रकखाली गेली. शाळा सुटून घरी चालली होती. मे महिन्यात मी माहेरी गेले की ही पोर माझ्या अंगणात यायची, दोन वेण्या नाचवत. पत्र कसं लिहायचं ते मी तिला शिकवलं होतं. तिचं एक पत्र अजून माझ्या डब्यात आहे, त्यात 'आपली आज्ञाधारक' हा शब्द दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर आला आहे.

तर आता त्याच वळणावर मंदिर बांधायचं ठरत होतं. वर्गणीचं पुस्तक फिरत होतं, विटांची एक ट्रॉलीही येऊन पडली होती. आणि मुलीची आई म्हणत होती, तिथं नको. गावात दोन तट पडले. वहिनी एका तटात, तिचा सख्खा दीर दुसऱ्यात. आमच्या अंगणात बोलणं बंद!

मी फोनवर काय उत्तर देणार? "भाऊबीजेला येते, मग बोलू," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ताईंना घेऊन गाव दाखवायला निघाले. पण डोक्यात तेच वळण होतं. त्यामुळे रोजची पाहिलेली जागाही त्या दिवशी मला निराळी दिसली.

आधी गेलो अंचलेश्वराला. चंद्रपूर हा गोंडराजांचा किल्ला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे त्याचे चार दरवाजे अजून उभे आहेत. अंचलेश्वर दरवाज्याशी झरपट नदीच्या काठी महादेवाचं देऊळ आहे आणि त्याला लागूनच गोंडराजांच्या समाध्या. त्यांतली सगळ्यांत मोठी समाधी बीरशहाची. लग्नाच्या धामधुमीतच त्याचा खून झाला, अशी हकीकत सांगतात. त्याच्या मागे राज्य सांभाळलं राणी हिराईनं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. दत्तक मुलगा लहान, राज्याला धनी नाही आणि कपाळ पुसलेलं. अशा वेळी या बाईनं नवऱ्याची समाधी बांधली. चैत्रात जिथं मोठी जत्रा भरते, त्या महाकालीच्या देवळाची उभारणीही तिचीच सांगतात.

ताई समाधीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "किती जवळ आहे गं देऊळ!" मी म्हटलं, "हो. पण इथं समाधी बांधणारीच दुःखातली होती. तिला कुणी विचारायची वेळच आली नाही." बोलून गेले आणि माझी मीच चपापले. आपल्याला उत्तराचं एक टोक सापडलंय, असं वाटलं.

तिथून ऑटोनं कारागृहाकडे गेलो. तुरुंग काय पाहायचा, असं तुम्ही म्हणाल. पण तो दिवस होता २१ ऑक्टोबरचा. १८५८ साली याच तारखेला बाबूराव शेडमाके यांना इथं पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं. वय अवघं पंचवीस. मोलमपल्लीचे हे तरुण जमीनदार. गोंड, माडिया पोरं गोळा करून त्यांनी इंग्रजांशी लढा मांडला. त्या एप्रिलात प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीनं इंग्रजांनी सप्टेंबरात बाबूरावांना पकडलं. अहेरी माझं माहेर, त्यामुळे हा भाग सांगताना माझा आवाज जरा खाली येतो, ताईंनाही ते कळलं.

त्या दिवशी पिवळे झेंडे, ढोल आणि लांबलांबून आलेली माणसं यांनी रस्ता भरला होता. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून आलेल्या बायका पोरांना कडेवर घेऊन पिंपळाला नमस्कार करत होत्या. भाषणं चालूच होती. पण एक म्हातारी कुणाचंही न ऐकता बुंध्याला नुसता हात लावून उभी होती. १६६ वर्षं झाली, तरी घरचंच कुणी गेल्यासारखी.

आणि आता ऐका. याच कारागृहाच्या आवारात गैबीशाह वली यांचा दर्गा आहे. एरवी आत जाता येत नाही. पण मोहरमचे दोन दिवस तुरुंगाचं दार लोकांसाठी उघडतं. लग्न होऊन आले त्या वर्षी शेजारच्या खालांनी मला नेलं होतं. "चल दुल्हन, जेल दाखवते," म्हणाल्या. मी घाबरतच गेले. रांगेत हिंदू बायका किती होत्या म्हणून सांगू! एका आवारात दर्गा आणि फाशीचा पिंपळ, आणि दोघांच्या दारात गर्दी. एकाची गर्दी दुसऱ्याला खुपल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. का खुपत नाही? मला वाटतं, इथं कुणी कुणाच्या दुःखावर आपली पाटी लावायला आलं नाही, म्हणून.

घरी येऊन चहा घेताना मी ताईंना माहेरची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे हेच झालं होतं, २०१० साली. फक्त वळण फार मोठं होतं."

न्यू यॉर्कचे ते दोन मनोरे ११ सप्टेंबर २००१ ला पाडले गेले. जवळजवळ तीन हजार माणसं गेली. त्या जागेपासून दोन गल्ल्या पलीकडे एका जुन्या कपड्यांच्या दुकानाच्या इमारतीच्या जागी मुसलमानांचं केंद्र बांधायचं ठरलं. त्यात पोहण्याचा तलाव, सभागृह, पाककलेचे वर्ग आणि नमाजाची जागा होणार होती. इमाम फैसल अब्दुल रौफ आणि त्यांच्या पत्नी डेझी खान पुढाकार घेणारे. झालं, देशभर रान पेटलं. "आमच्या मेलेल्यांच्या उशाशी हे नको," असं काही घरं म्हणाली. महापौर ब्लूमबर्ग म्हणाले, आपल्या जागेवर प्रार्थनास्थळ बांधायचा हक्क सरकारला हिरावून घेता येणार नाही.

"मग तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

ताई म्हणाल्या, "मला आधी वाटलं, नकोच. मग एका बाईंचं वाचलं." त्या बाई म्हणजे तलत हमदानी, शाळेत शिक्षिका. त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा सलमान त्या दिवशी लोकांना वाचवायला मनोऱ्यांकडे धावला आणि परत आला नाही. नाव मुसलमानी, म्हणून आधी त्याच्यावरच संशय घेतला गेला! महिन्यांनी त्याचे अवशेष सापडले, तेव्हा कुठे तो वीर ठरला. या आईनं त्या केंद्राच्या बाजूनं जाहीरपणे बोलणं केलं. दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या सतराव्या मजल्यावर तर मुसलमान नोकरदारांची नमाजाची खोलीच होती. म्हणजे मेलेल्यांत तेही होते, रडणाऱ्यांतही होते. मग 'दुःखातली घरं' म्हणताना त्यांचं घर वगळायचं कसं?

शेवटी ते केंद्र ठरलं होतं तसं झालंच नाही. त्या जागी राहत्या घरांची उंच इमारत उभी राहिली. आणि मनोऱ्यांखाली चिरडलेलं सेंट निकोलस चर्च मात्र पुन्हा बांधून २०२२ च्या डिसेंबरात उघडलं. ते आधीपासून तिथलंच होतं.

ताईंचं ऐकून मला कॉलेजातलं आठवलं. पोलंडमधल्या आउशवित्झच्या छळछावणीत अकरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक सगळे ज्यू. तिथल्या कुंपणाला लागून, विषारी वायूचे डबे ठेवायच्या जुन्या इमारतीत, १९८४ साली काही ख्रिस्ती जोगिणी राहायला आल्या. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची, एवढाच त्यांचा हेतू. हेतूत खोट काढायला जागा नाही. पण ज्यू म्हणाले, आमच्या मेलेल्यांसाठी तुमच्या धर्माची प्रार्थना, तीही आम्हाला न विचारता? १९८७ मध्ये हलायचं ठरलं, तरी हलणं होईना. १९९३ मध्ये पोपनं स्वतः पत्र लिहिलं, तेव्हा त्या जोगिणी थोड्या अंतरावर नव्या जागेत गेल्या. प्रार्थना थांबली नाही, जागा तेवढी सरकली.

मैत्रिणींनो, भाऊबीजेला मी हे सगळं गाठोडं घेऊन माहेरी निघाले. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आष्टीला वैनगंगा ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो. एरवी तो पाहून जीव सुखावतो. या वेळी प्रत्येक वळणाला छातीत धस्स व्हायचं.

आधी मंदिरवाल्यांकडे गेले, कारण मनातून मी त्यांच्या विरुद्ध होते. त्यांची बाजू ऐकली आणि जरा लाजलेच. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "बाई, ट्रकवाला पाटी वाचत नाही. देऊळ दिसलं का आपोआप हात जोडते, पाय ब्रेकवर जाते. आणखी एक पोर जायला नको, म्हणून बांधतो." हे काय वाईट माणसाचं बोलणं आहे? सरकारी रस्त्यावर असं नवं प्रार्थनास्थळ बांधू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे, हे माझ्या भावानं त्यांना सांगितलं होतं. पण कायदा सांगून मनं जुळत नाहीत. उलट भावाशीच त्यांनी बोलणं टाकलं.

मी एकच विचारलं, "तुम्ही त्या घरी गेला होता का?"

कुणीच गेलं नव्हतं. वर्गणी मागायला कसं जायचं त्या घरी, म्हणून तेवढं एक घर सोडून सगळं गाव फिरले होते. मनानं चांगलेच होते बिचारे, पण विचारायचं तेच राहून गेलं.

मग मी गेले. मुलीची आई मोहाची फुलं वेचणारी, कुणाच्या शेतात रोवणीला जाणारी माडिया बाई. तिनं मला बसायला खाट टाकली, पाणी दिलं. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "देवाले माझी ना नाही, बाई. पण तिथं घंटा वाजन, तं मले शाळा सुटल्यावानी वाटन. मी दाराकडे पाहात राहीन."

यावर मी काय बोलणार? घरून पाठ करून नेलेलं सगळं न्यू यॉर्क आणि पोलंड तिथल्या तिथं विसरले.

तिला काय हवं होतं? माडियांत गेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. तिला पोरीचा दगड हवा होता. आणि हवा होता रस्त्यावर गतिरोधक. बस्स.

त्या संध्याकाळी त्यांच्यातला तोच एक जण माझ्याबरोबर तिच्या घरी आला. दारातच खाली बसला, वर मान करेना. तिनं त्यालाही पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी वर्गणीच्या पैशांतून काय करायचं, यावर पुन्हा भांडण झालंच. पण गतिरोधकाच्या अर्जावर दोन्ही तटांच्या सह्या झाल्या.

आज तिथं गतिरोधक आहे. सागाच्या झाडाशी एक दगड उभा आहे, कमरेएवढा. मंदिराच्या विटा अजून तशाच पडल्या आहेत. गावाच्या आत शाळेमागे बांधू म्हणतात, काही जण अजून रुसलेले आहेत. वहिनी आणि तिचा दीर बोलू लागले, पण मोजकंच. सगळं गोड झालं, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

पण वर्गणीचं पुस्तक तुमच्याही दारी येतंच ना? देऊळ असो, दर्गा असो, विहार असो की पुतळा असो. हात पाठी घेऊ नका, द्यायचं ते जरूर द्या. फक्त ती जागा कुणाच्या अश्रूंची असेल, तर पावती फाडायच्या आधी एवढं विचारा, "त्या घरी जाऊन आलात का?" घरं एकापेक्षा जास्त असतील, तर सगळ्या घरी. त्यांची उत्तरं जुळणार नाहीत, न्यू यॉर्कलाही जुळली नव्हती. पण न विचारता बांधलेल्या भिंतीला ओल धरते. विचारून बांधलेली टिकते, हिराईच्या समाधीसारखी.

आणि चंद्रपूरला याल तेव्हा माझ्या नियमाप्रमाणे आधी एक दिवस गावासाठी ठेवा. वाघ दुसऱ्या दिवशी!