प्रियोळची बाग आणि आमचा कढीलिंब

खानापुराहून लोंढ्यावरून अनमोडचा घाट उतरले व मोले मागे टाकले की फोंड्याचा रस्ता लागतो. फोंड्यापासून जवळच प्रियोळ गाव आहे व तेथे फुलपाखरांची एक बाग आहे. पावसाळा सरल्यावर एका सकाळी आम्ही मुलाबाळांसह तेथे गेलो. पिंजऱ्यात कोंडलेली पाखरे नव्हेत. झुडपे लावली आणि फुलपाखरे आपल्या पायांनी, नव्हे पंखांनी, आली, असा सगळा प्रकार.

अंग उन्हाने तापल्याखेरीज फुलपाखराला नीट उडता येत नाही. त्यामुळे ऊन वर येईपर्यंत बाग निजल्यासारखी भासली. मग पेंटगुळीच्या तांबड्या झुबक्यांवर (गोव्यात हिला पिटकोळी म्हणतात) काळ्याभोर पंखांवर निळी झाक मिरवणारे नीलवंत उतरले. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला, तो यालाच.

इतक्यात आमची धाकटी एका लिंबाच्या झाडापाशी थबकली व मोठ्याने म्हणाली, "बाबा, हाच तो! आपण मारला तो!"

पानावर हिरवा सुरवंट होता. आदल्या वर्षी आमच्या परसातील कढीलिंब असल्याच सुरवंटांनी ओरबाडला, तेव्हा आम्हीच त्यांवर औषध मारले होते. लहानपणी हा किडा पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो. मोठेपणी हिरवा होतो आणि डिवचल्यास मस्तकामागून दोन शिंगे काढून दुर्गंध सोडतो. आम्ही त्याला घाण समजलो, यात नवल नाही. पुढे पंख फुटून तोच फुलांवर येणार होता! लोक जमले होते. आम्हांस खाली पाहावे लागले.

घरी परतल्यावर अंगणाच्या पूर्वेस, जेथे सकाळचे ऊन मिळते तेथे, पेंटगुळीची ठेंगणी जात व पेंटास लावला. दोन्ही कमरेच्या वर सहसा जात नाहीत. झुबका सुकला की शेंडा हलकेच छाटावा. नवे फुटवे येतात, फुले वाढतात आणि झुडूप आटोपशीर राहते. पेंटासचा झुबका म्हणजे फुलपाखरास बसायला पाट व प्यायला पेले, दोन्ही एकत्र. घाणेरीवरही ती पुष्कळ येतात. परंतु परदेशातून आलेल्या या झुडपाने आमच्या रानांची जी दशा केली आहे ती पाहता तिला मुद्दाम अंगणात आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा कुंडीत पानफुटी लावावी. नारिंगी-पांढऱ्या रंगाचे एक चिमुकले फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते व त्याची अळी जाड पानाच्या पोटात राहते.

फुलांवर पाहुणे येतात, पण संसार मांडतात ते पानांवर. औषध तेव्हापासून बंद झाले. कढीलिंबाचा प्रश्न मात्र उरला. आमटीस फोडणी तर हवीच. अखेर धाकटीच्या आईने निवाडा केला: खालच्या फांद्या स्वयंपाकघराच्या, वरच्या सुरवंटांच्या. पहिल्या महिन्यात खालची पानेही त्यांनीच खाल्ली. तिने कपाळास हात लावला, परंतु शब्द मोडला नाही.

मग एके सकाळी काटकीवरचा कोश उकलला. ओले पंख सुकेपर्यंत धाकटी शाळेला जाईना. ते उडाले आणि भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या लिंबावर जाऊन बसले. तिकडे अजून औषध मारतात. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन यावे, असा आमचा बेत आहे.