पानामागची फौज

नागपूरच्या कळमना यार्डात आंबिया बहाराचा माल उतरला, की केशरी ढिगात मधूनच काळवंडलेली संत्री दिसतात. अडत्या एखादं उचलतो, अंगठ्याने घासतो. काळं थोडं निघतं, थोडं राहतं, आणि तेवढ्यात भाव उतरलेला असतो. आतली फोड तशीच गोड असते, बुरशी सालीवरच असते. पण लिलावात संत्रं सोलून कोण बघतो!

ही कोळशी. खरी गुन्हेगार काळी माशी. ती कोवळ्या पानाच्या पाठीवर चकलीच्या वळणाने अंडी घालते. पिल्लं तिथेच चिकटून रस शोषतात आणि मधासारखा चिकट द्रव टाकतात. त्यावर काळी बुरशी चढते, पानाला ऊन मिळेनासं होतं, झाड खंगतं. त्या गोडीला मुंग्याही येतात आणि माशीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. गोडाचे पहारेकरी कुठेही मिळतात.

हे शत्रूही पानामागेच राहतात. केसासारख्या बारीक देठाच्या टोकाला एकेक अंडं टांगलेलं दिसलं, की समजावं, क्रायसोपा आली. जाळीदार हिरव्या पंखांचा हा नाजूक किडा, पण त्याची अळी महाखादाड. अंडी अशी अधांतरी नसती, तर आधी बाहेर पडलेल्या अळीने शेजारची भावंडंही सोडली नसती. जोडीला ढालकिडे असतात, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या. त्या काळ्या माशीच्या पिल्लातच अंडी घालतात.

कॅलिफोर्नियातल्या संत्रीबागा पांढऱ्या खवलेकिडीने मरणपंथाला लागल्या, तेव्हा 1888 साली कीटकतज्ज्ञ आल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियात गेले. तिथून त्यांनी पाठवलेल्या रोडोलिया ढालकिड्यांनी एक-दोन वर्षांत बागा वाचवल्या. मेक्सिकोत काळ्या माशीने धुमाकूळ घातला, तेव्हा 1949-50 च्या सुमारास भारत-पाकिस्तानातूनच तिच्या वैरी गांधीलमाश्या तिकडे नेल्या गेल्या. आपल्या पानामागची फौज परमुलखात लढून आली, आणि आपण मात्र तिच्यावर पंप चालवतो.

हाच खेळ काचेच्या टाकीतही चालतो. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ घालून हौशी लोक घरात समुद्र मांडतात. त्यात प्रवाळाबरोबर आयप्टेसिया नावाचं छोटं समुद्रफूल चोरपावलाने शिरतं. चिरडलं तर उरल्यासुरल्या तुकड्यातून पुन्हा उगवतं. मग पेपरमिंट कोळंबी सोडतात. ती ते खाते, पण प्रवाळाच्या तोंडचा घासही पळवते. बर्गिया ही समुद्री गोगलगाय जास्त सोवळी, आयप्टेसियाखेरीज कशाला तोंड लावत नाही. मात्र ते संपलं, की तिची उपासमार. जाणता हौशी तेव्हा तिला दुसऱ्याच्या टाकीत पोचवतो.

बागेत ही सोय नाही. तिथे मित्रकिडे टिकवायचे, तर थोडी माशी राहू द्यावीच लागते. शेवटच्या माशीपर्यंत विषारी फवारा मारणारा आधी आपले रखवालदार मारतो, आणि नंतर परतते ती माशीच. माझ्या मते डागाळलेल्या थोड्या संत्र्यांचा तोटा रिकाम्या पानामागच्या तोट्यापेक्षा स्वस्त पडतो. संत्रीवाल्यांनो, पंप खांद्यावर घेण्याआधी दहा-वीस पानं उलटून बघा. देठावरची अंडी दिसली, तर त्या दिवशी पंप खाली ठेवा.