डांबरगोळीचं पातं

विमानाच्या इंजिनातलं पातं किती तापतं, हे शोधायला निघालेला माणूस डांबरगोळ्या वितळवत बसलेला दिसला, तर बघणाऱ्याला वाटेल की याचं काहीतरी बिनसलंय. आमच्या धंद्यात मात्र ही रोजची गोष्ट. आजीच्या ट्रंकेतल्या गोळ्या वर्षभरात झिजून हरभऱ्याएवढ्या होतात, ते झिजणंच इथे मुद्दाम घडवायचं. नॅप्थलीन वितळवून तापवलेल्या साच्यात ओतायचं, थिजलं की साच्याला बाजूने हातोडीचा हलका ठोका द्यायचा, म्हणजे झाकण सरकून सुटतं आणि गुळगुळीत पातं हातात येतं. हातमोज्यातल्या हातात, अर्थात. मग ते विंड टनेलमध्ये बसवून तासभर वारा सोडायचा. वारा जिथे जोरात घासतो तिथे नॅप्थलीन जास्त उडतं, आणि ते जिथे जास्त उडतं, तिथेच खऱ्या पात्यात उष्णता जास्त शिरते. दोघांची वाहून जाण्याची रीत एकच. आधी आणि नंतर बारीक सुईने सगळा पृष्ठभाग चाचपायचा आणि वजाबाकी करायची. उष्णता मोजायची, पण वारा सोडताना काहीही तापवायचं नाही!

ही वजाबाकी असते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यात नॅप्थलीन भारी लहरी. खोली एका अंशाने तापली की त्याचा बाष्पदाब सुमारे 10 टक्क्यांनी चढतो. त्यामुळे प्रयोग चालू असताना दार उघडून ‘चहा घेणार का?’ असं विचारणाऱ्याकडे आम्ही ज्या नजरेने बघतो, ती त्या बिचाऱ्याला कळत नाही. घरी गेल्यावर अंगाला ट्रंकेचा वास येतो, तो वेगळाच.

एवढा खटाटोप कशासाठी? आधुनिक जेट इंजिनात टर्बाइनच्या तोंडाशी येणारा वायू 1,600 अंश सेल्सिअसच्या वर असतो. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो धातू 1,300-1,400 अंशांना वितळतो. म्हणजे हिशोबाने ती पाती तिथे असायलाच नकोत. ती टिकतात, कारण त्यांच्या पोटात कॉम्प्रेसरची हवा खेळवलेली असते, आणि मिलिमीटरहूनही लहान छिद्रांतून ती बाहेर येऊन दुधावर साय धरावी तशी पात्यावर पसरते. ‘गार’ म्हणतात त्या हवेला, पण तीही सहाशे अंशांच्या घरातली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की जास्त हवा सोडली म्हणजे जास्त थंडावा, असं होत नाही. गोल छिद्रातून हवा जोरात फुंकली की तिचा झोत पृष्ठभाग सोडून वर उडतो, आणि त्याच्या खाली तापलेला वायू शिरतो. 1974 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या गोल्डस्टीन आणि एकर्ट यांनी एका सहकाऱ्यासोबत दाखवलं, की छिद्राचं तोंड पसरट केलं तर झोत मंदावतो आणि पृष्ठभागाला चिकटून राहतो. आज अशी पसरट तोंडाची छिद्रं इंजिनांमध्ये सर्रास असतात. हे कळलं ते छिद्रं मोठी करून, संथ वाऱ्यात, साध्या तापमानाला. इंजिनातली ती हवा वायूपेक्षा जड असते, म्हणून प्रयोगात हवेऐवजी जड वायूही सोडतात. कार्बन डाय-ऑक्साइड हे काम चोख करतो.

यातले अर्न्स्ट एकर्ट 1904 साली प्रागमध्ये जन्मले. युद्धकाळात ते जर्मनीत जेट इंजिनांमधल्या उष्णतेचा अभ्यास करत होते. 1945 मध्ये, अनेक जर्मन तंत्रज्ञांना नेलं तसं, त्यांनाही अमेरिकेने नेलं. 1951 पासून मिनेसोटा. राजवटी बदलल्या, देश बदलला, भाषा बदलली, विषय तोच. 2004 मध्ये वयाची शंभरी दोन महिन्यांवर असताना ते गेले. आपण ज्यांच्याकडे काम करत होतो ते कोण होते, हा प्रश्न एकर्ट यांच्या पिढीला विचारायलाच हवा. तो प्रश्न काही सुईने चाचपून सुटत नाही.

मिनेसोटात एकर्ट यांच्याच विभागात एक मराठी माणूसही होता. पुण्यात इंजिनिअर झालेले, आयआयटी मुंबईतून एम.टेक. केलेले सुहास पाटणकर. त्यांनी लंडनच्या स्पॉल्डिंग यांच्याबरोबर 1972 साली मांडलेली गणनपद्धत आणि 1980 सालचं त्यांचं छोटेखानी पुस्तक यांच्यावर जगभरचे विद्यार्थी संगणकावर प्रवाह सोडवायला शिकले. एका विभागात नॅप्थलीनवाले, त्याच विभागात गणनवाले. मला हे शेजारपण फार शहाणपणाचं वाटतं. संगणक कधी ‘माहीत नाही’ म्हणत नाही. त्याला अडवायला कुणीतरी मोजणारा लागतोच.

आणि मोजणाऱ्याची निम्मी हयात जाते ती गळती शोधण्यात. नॅप्थलीनऐवजी पत्र्याला वीज देऊन तापवलं, तर किती वॉट दिले ते कळतं. पण त्यातली काही उष्णता मागच्या बाजूने निसटते, काही प्रारणाने जाते. तापमान मोजणारा थर्मोकपल तर एका अंशाला जेमतेम 40 मायक्रोव्होल्ट देतो, आणि मोजता मोजता त्याची तारच थोडी उष्णता पळवते. पीएच.डी.चं पहिलं वर्ष, खरं तर, उत्तरात काय धरायचं नाही हे ठरवण्यात जातं. क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांनी 1953 साली सांगून ठेवलंय, की आकड्यासोबत त्याची अनिश्चितता द्या, आणि त्यावर किती पैज लावाल तेही सांगा. वीसास एक, म्हणा. पैज लावायला तयार नसाल तर आकडा छापू नका. पात्याच्या तापमानाचा अंदाज 25-30 अंशांनी चुकला तर त्याचं आयुष्य निम्म्यावर येऊ शकतं, तेव्हा ही पैज काही हौसेची नाही.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये हे कुठून यावं? लॅग्ड पाइप, पिन फिन, कंपोझिट वॉल, सगळी उपकरणं ओळीने मांडलेली. वीज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट फिरवला की स्थिर अवस्था यायला दीड-दोन तास, आणि प्रॅक्टिकलच दोन तासांचं. मग मुलं मागच्या बॅचच्या फाइलमधून रीडिंग छापतात आणि त्यावर सही होते. ही लॅब ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना एवढीच विनंती, की सकाळी कॉलेज उघडताच बटण दाबून ठेवा. मुलं येतील तेव्हा उपकरण तयार असू द्या, त्यांना एकदा तरी स्वतःचं रीडिंग लिहू द्या, आणि आलेखावरचा बिंदू रेषेबाहेर गेला तर मार्क कापू नका. तो तिथे का गेला, ते विचारा.