बारस सोडताना

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण अंतराला फार महत्त्व देतो. पु. ल. देशपांडे जपानपर्यंत जाऊन आले आणि १९६३ साली ‘पूर्वरंग’ आले. तेव्हापासून जपानला जाऊन आलेला मराठी माणूस तेथील देवळे, तेथील चहा आणि समोर आलेले अनोळखी ताट यांविषयी हटकून लिहितो, आणि आपणही ते आवडीने वाचतो. त्यात वावगे काही नाही. अनोळखी ताटासमोर माणूस सावध होतो, प्रत्येक वाटीत काय आहे ते निरखून पाहतो. शेजारच्या गावी मात्र ही सावधता सुटते. आणि ज्या गावी कामासाठी, त्यातही दुखण्यासाठी जावे लागते, ते गाव तर डोळ्यांना दिसतच नाही.

आम्हां दोघा भावंडांचे बार्शीच्या बाबतीत असे झाले. २०११ साली आईच्या उपचारांसाठी आम्ही सोलापूरहून अकरा वेळा बार्शीला गेलो. बार्शीचे नाव या भागात कर्करोगावरील उपचारांसाठी घरोघरी माहीत आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली येथेच सुरू झाली. त्या अकरा खेपांत आम्ही पाहिले ते एवढेच: एस. टी. स्टँड, रुग्णालयाचा जिना, औषधांचे दुकान आणि फाटकाबाहेरची चहाची गाडी. गाव पाहायचे आणि तेथे जेवायचे, एवढ्याच हेतूने गेलो ते अगदी अलीकडे, एका कार्तिकी द्वादशीला.

तिथी मुद्दाम निवडली होती. बार्शी हे नाव ‘बारस’ म्हणजे द्वादशी या शब्दावरून आले, असे तेथील लोक सांगतात. भाषाशास्त्र याला कितपत दुजोरा देईल हा प्रश्न वेगळा. पण आमच्या आईला या व्युत्पत्तीविषयी तिळमात्र शंका नव्हती. तिच्या तोंडी ‘बारशीला’ हा शब्द आला की ती तिथीविषयी बोलते आहे की गावाविषयी, हे चटकन कळत नसे. एकादशी पंढरपूरची, बारस बार्शीची, हे तिचे ठाम मत. पंढरपुरात धरलेला उपास भगवंताच्या दारी सोडायचा.

जाताना आम्ही एस. टी. टाळली आणि कुर्डुवाडीवरून आगगाडीने गेलो. कुर्डुवाडीचे स्टेशन एके काळी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई; मोठी गाडी तेथे येई आणि बार्शीला जाण्यासाठी पुढे दुसरी वाट धरावी लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली तेथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू केली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड येथे १९०४ साली सुरू झालेली याच मापाची रेल्वे बांधताना कॅलथ्रॉपच्या हाताशी बार्शीचा अनुभव होता. एरवी इंग्लंडचे नमुने आपण उचलायचे. येथे क्रम उलटा होता. छोटी रेल्वे सुरू झाली तो काळ दख्खनमधील १८९६-९७ च्या दुष्काळाचा. रूळ नवे आणि कोठारे रिकामी, असे ते वर्ष होते. या शतकाच्या पहिल्या दशकात या मार्गावर रुंद रूळ आले आणि वारकऱ्यांच्या पिढ्यांनी खिडकीला टेकून पाहिलेली ती गाडी इतिहासजमा झाली.

डब्यात पंढरपूरहून परतणारी मंडळी होती. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि चेहऱ्यावर न झोपल्याच्या खुणा. बाहेर ज्वारीची कोवळी रोपे वाऱ्यावर लवत होती. समोरच्या आजोबांनी विचारले, ‘‘भगवंताला का?’’ आम्ही हो म्हटले. ‘‘मग उपाशीच असाल,’’ असे ते म्हणाले आणि आम्ही गप्प बसलो. आदल्या दिवशी आम्ही दोघेही नेहमीप्रमाणे जेवलो होतो.

भगवंताचे देऊळ हेमाडपंती, १२४५ साली बांधलेले असे सांगतात. विष्णूची देवळे पुष्कळ आहेत, पण ‘भगवंत’ याच नावाने नांदणारा विष्णू विरळा. मूर्ती काळ्या पाषाणाची. छातीवर भृगू ऋषींच्या पावलाची खूण, पाठीशी लक्ष्मी आणि जवळ भक्त अंबरीष राजा. हा अंबरीष येथला मुख्य संदर्भ आहे. त्याची कथा भागवताच्या नवव्या स्कंधात येते, ती थोडक्यात अशी: वर्षभराचे द्वादशीव्रत पुरे करून राजा कार्तिकात पारणे फेडायला बसणार, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानासाठी यमुनेवर गेले, ते लवकर परतेनात. द्वादशी सरत आली. अतिथीच्या आधी जेवावे तर अतिथीचा अपमान. न जेवावे तर व्रतभंग. जाणत्यांनी तोड काढली: पाण्याचा घोट घे, ते जेवल्यासारखेही आहे आणि न जेवल्यासारखेही. राजाने पाणी घेतले, दुर्वास कोपले, सुदर्शन चक्र त्यांच्या मागे लागले. येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. दुर्वास तिन्ही लोकांत धावून परत यायला वर्ष लागले, आणि ते वर्षभर अंबरीष केवळ पाण्यावर राहून त्यांची वाट पाहत होता. अतिथी परतला, जेवला, आणि मग राजा जेवला.

देवळाच्या सभामंडपात बसून आम्हांला २०११ मधली एक दुपार आठवली. आईने डॉक्टरांच्या आणि आमच्या नकळत एकादशी धरली होती. दुसऱ्या दिवशी कळल्यावर आम्ही तिच्यावर चिडलो. समोर वरणभात ठेवला, पण औषधांमुळे तिला घास जाईना. ‘‘बारशीला भगवंताकडं नेता का रे?’’ असे तिने सकाळी विचारले होते, आणि देऊळ रिक्षाने जाण्याच्या अंतरावर असूनही आम्ही ‘पुढच्या बारशीला’ असे उत्तर दिले होते. दुपारी तिने फुलपात्रातले घोटभर पाणी घेतले आणि म्हणाली, ‘‘झालं माझं पारणं. तुम्ही आता जेवून घ्या.’’ आम्ही तो हट्ट समजलो. आमच्यापैकी एक तेव्हा महाविद्यालयात संतवाङ्मय शिकवत होती. अंबरीषाची कथा वर्गात तिने किती वेळा सांगितली होती! आई ती कथा आमच्यासमोर जगत होती आणि आमच्या ध्यानात आले नाही. पुढच्या बारशीला ती नव्हती.

तीर्थ तळहातावर घेतले तेव्हा दोघेही काही बोललो नाही.

देवळाबाहेर पडून बाजारपेठेतल्या एका खानावळीत गेलो. ज्वारीसाठी नावाजलेल्या या पेठेत भाकरीची चव घेणे हेही एक दर्शनच. हाताने थापलेली, पदर सुटलेली गरम भाकरी. वांग्याचे कोरड्यास, तुरीच्या डाळीची आमटी, तेल घातलेली शेंगांची चटणी, कांदा. वाढणाऱ्या बाईंनी विचारले, ‘‘काल उपास होता का? मग आधी आमटीभात वाढते, एकदम भाकरी खाऊ नका.’’ आम्ही खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘न्हाई तर न्हाई. भूक लागलीय न्हवं?’’ आणि ताटात दोन भाकऱ्या पडल्या.

जेवताना जुना विषय निघाला. १९८० साली याच बार्शीत मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष गं. बा. सरदार. ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ हे त्यांचे पुस्तक १९५० चे. वर्गात आम्ही त्याचा आधार कितीदा तरी घेतला आहे. फलश्रुती हा शब्द व्रतकथेतला. ऐकून काय पदरात पडले, असा त्याचा रोख. भक्तिकाव्य शिकवताना आपण ओढ, विरह, तळमळ यांवर तासचे तास बोलतो. म्हणजे एकादशीवरच थांबतो. वारीची सांगता मात्र काल्याने, एकमेकांच्या मुखी घास घालून होते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले तेही देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून. दार उघडण्यात त्या उपासाचा अर्थ होता. आणि ज्यांना उपास निवडावा लागत नाही, तो घरातच असतो, त्यांचा आवाज या मातीने दिला आहे: शाहीर अमर शेख १९१६ साली बार्शीतच जन्मले.

उपास ज्याचा त्याने एकट्याने करता येतो. तो सोडायला मात्र कोणीतरी सोबत लागते, असे आम्हांला त्या ताटावर वाटले. अंबरीषाला ते कळले होते, म्हणून तो वर्षभर थांबला. आईलाही कळले होते. ‘तुम्ही आता जेवून घ्या’ हे तिचे वाक्य म्हणजे अतिथी अजून आलेला नाही याची तिला असलेली जाणीव होती. यायला आम्हांला फारच उशीर झाला.

बाईंनी आग्रहाने भात वाढला. एरवी आम्ही नको म्हटले असते. त्या दिवशी दोघांनीही ताट स्वच्छ केले, पाणी प्यायलो, आणि स्टेशनची वाट धरली.